नक्षी शाबूत होती

जुन्या मोटारींच्या प्रदर्शनाला कधी गेलात तर गाड्यांकडे न पाहता थोडा वेळ गाड्या पाहणाऱ्यांकडे पाहा. कोणी बॉनेटवरच्या चिन्हावरून हात फिरवत असतो, कोणी काचेतून डोकावून स्टिअरिंगचा लाकडी घेर न्याहाळत असतो, कोणी बायकोमुलांना दरवाज्याशी उभं करून फोटो काढत असतो. खाली वाकून टायर पाहणारा माणूस शंभरात एखादा. गाडीचा मालक अभिमानाने सांगतो, इंजिन मूळचं आहे, रंगाची छटा मूळची आहे, घड्याळसुद्धा मूळचंच आहे आणि चालतं. टायरही मूळचेच, असं तो म्हणाला की आपण "वा!" म्हणतो. माझं म्हणणं असं की त्या क्षणी आपण दोन पावलं मागं सरकावं.

गाडी जुनी ठेवायची असेल तर तिचं चाक जुनं ठेवावं, त्याचं माप जुनं ठेवावं, शक्य तर त्यावरची चकचकीत वाटीही जुनीच ठेवावी. टायर मात्र जुना ठेवू नये. हे शहाणपण मला वाचून आलेलं नाही.

आमची गाडी म्हणजे १९६८ साली नोंदलेली फियाट ११०० डिलाइट, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली. नाना, म्हणजे आमचे वडील, कराडला डॉक्टरकी करत. १९७१ साली त्यांनी ती एका स्नेह्याकडून घेतली तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो आणि दादा एकोणीसचा. (इंग्लंडमधल्या शौकिनांच्या लेखी व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३० मधली गाडी. आमच्या फियाटला कोणी व्हिंटेज म्हटलं तर त्यांच्या हातातला चहा सांडेल. आपल्याकडे मात्र २०२१ च्या नियमांनी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं ओलांडलेल्या गाडीला हा मान दिला आहे, तेव्हा मी सरकारच्या बाजूचा.)

नाना गाडीची एक वही ठेवत. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, हवा कधी भरली, कोणतं चाक कुठून काढून कुठं लावलं, सगळं त्या वहीत. १९९६ च्या मार्चमध्ये त्यांनी पाच नवे टायर घेतले, चार चाकांना आणि एक स्टेपनीला. बिल वहीतच पिन लावून ठेवलं. पुढच्या वर्षी नाना गेले. गाडीसाठी त्यांनी केलेली ती शेवटची मोठी खरेदी. त्यानंतर गाडी कराडच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. दसऱ्याला बाहेर यायची, झेंडूची माळ घालून घ्यायची, चाकाखालची लिंबं चिरडून कोपऱ्यापर्यंत जायची आणि परत यायची. बावीस-तेवीस वर्षांत तीन हजार किलोमीटरही झाली नसेल.

२०१८ साली मी बँकेतून निवृत्त झालो आणि दादाच्या मागे लागून गाडी पुण्याला आणली. चौदा महिने काम चाललं. इंजिन उघडलं, ब्रेकचे सिलिंडर बदलले, पत्रा खरवडून रंग दिला, बंपरला क्रोम चढवलं, सीटला जुन्या धाटणीचं कापड शोधून काढलं. आकडा सांगत नाही, घरात अजून पुरता माहीत नाही. त्यातला टायरवरचा खर्च म्हणजे काळ्या पॉलिशची एक बाटली. टायरवरची नक्षी जवळजवळ कोरी होती. नखाने खरवडून पाहिलं, खोल होती. दादा म्हणाला, "नानांनी घेतलेले आहेत, त्यांना हात लावायचा नाही." मला तरी कुठं लावायचा होता?

आता यातली खरी लाज वाटण्यासारखी गोष्ट सांगतो. बँकेत माझी अर्धी हयात तारखा पाहण्यात गेली. कर्जाचे कागद तीन वर्षांनी मुदतबाह्य होतात, त्याच्या आत कर्जदाराची कबुली घ्यावी लागते. ती तारीख चुकली तर कागद दिसायला कोराकरकरीत असतो, स्टॅम्प असतो, सही असते आणि कोर्टात त्याची किंमत शून्य. हे मी नव्या अधिकाऱ्यांना घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं आहे. तारण ठेवलेल्या ट्रकांची पाहणी करताना टायर गोटा झालेत का हेही मी वाकून पाहिलेलं आहे. पण टायरलाही तारीख असते हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही. गुळगुळीत म्हणजे म्हातारा आणि नक्षीदार म्हणजे तरुण, इतकंच माझं ज्ञान.

२०१९ च्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही गाडी घेऊन कराडला निघालो. मी चालवत होतो, शेजारी दादा, मागं वहिनी आणि माझी नात चिमू, तेव्हा सहा वर्षांची. गाडी खंबाटकीचा घाट कुरकुर न करता चढली, तेव्हा दादाने डॅशबोर्ड थोपटला. घाट उतरलो, वेळे मागं टाकलं, सुरूर फाटा जवळ आला. काटा सत्तरच्या आसपास होता. मागून बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला आणि गाडीची शेपूट डावीकडे ओढली गेली. उजवीकडून एक ट्रक आम्हाला ओलांडत होता. त्याच्या चाकाचे बोल्ट मला मोजता आले असते. "ब्रेक मारू नकोस," दादा म्हणाला, ओरडला नाही, नुसता म्हणाला. मी स्टिअरिंग धरून ठेवलं, पाय उचलला, आणि गाडी आपोआप मंदावत कडेच्या मातीत गेली. चिमूला वाटलं कोणीतरी फटाका लावला. वहिनींनी तिला इतकं घट्ट धरलं होतं की हात सोडवावे लागले.

मागचा डावा टायर. नक्षी अजूनही शाबूत होती. फाटला होता तो बाजूने, वीतभर.

स्टेपनी लावून वीसच्या वेगाने फाट्यापर्यंत गेलो. तिथल्या पंक्चरवाल्या पोराने फाटका टायर फिरवून पाहिला, मग बाकीचे तीन पाहिले आणि स्टेपनीही पाहिली. टायरच्या बाजूवर बोट ठेवून म्हणाला, "काका, इथं चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. तुमच्याला ते नाहीतच." चार आकड्यांची ही पद्धत २००० सालापासूनची. म्हणजे त्या पोराच्या हिशेबाने आमचे टायर त्याच्या जन्माआधीचे होते. त्याने टायरची बाजू दोन्ही हातांनी वाकवली तर उन्हाळ्यातल्या तळ्याच्या गाळासारख्या भेगा उघडल्या. माझं पॉलिश त्यात मुरून बसलं होतं.

नंतर मी याचा अभ्यास केला तेव्हा कळलं की उभ्या गाडीचा टायर चालत्या गाडीच्या टायरपेक्षा लवकर म्हातारा होऊ शकतो. रबर हवेतल्या प्राणवायूने आणि ओझोनने कडक होत जातं. त्यापासून रक्षण व्हावं म्हणून त्यात मेणासारखी द्रव्यं मिसळलेली असतात. चाक फिरतं, टायर दबतो-फुगतो, तशी ती द्रव्यं आतून पृष्ठभागावर येत राहतात. चाक उभंच राहिलं तर ती आतच राहतात आणि रबर तडकतं. त्यातून गाडीचा सगळा भार वर्षानुवर्षं टायरच्या एकाच जागी. अनेक टायर कंपन्या सांगतात की पाच-सहा वर्षांनंतर दर वर्षी टायर जाणकाराला दाखवा आणि दहा वर्षं झाली की, नक्षी कितीही असो, टायर काढा. जुन्या गाडीला ही अट सगळ्यांत आधी लागू व्हायला हवी, कारण तिचा टायर झिजून कधीच मरत नाही. आम्ही गाडी जपत होतो आणि टायर त्या जपण्यानेच मरत होते.

कराडला पोचल्यावर दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी वाद सुरू झाला. टायर बदलायचे यावर आता एकमत होतं. कोणते, यावर नव्हतं.

दादाचा मुलगा अनिकेत म्हणाला, "काका, चाकंच बदलू. पंधरा इंची अलॉय टाकू, रुंद टायर टाकू. पकड वाढेल आणि गाडी दिसेल पण." तरुण मुलांचा हा आग्रह मला सगळीकडे दिसतो आणि त्यांच्याशी मी भांडतो. आमच्या फियाटचं माप ५.२०-१४. म्हणजे टायरची रुंदी ५.२० इंच आणि रिमचा व्यास १४ इंच. सुमारे नऊशे किलोची गाडी, चारही चाकांना ड्रम ब्रेक, स्टिअरिंगला माणसाच्या दंडाशिवाय दुसरी मदत नाही. या गाडीची प्रत्येक बेअरिंग, प्रत्येक किंगपिन अरुंद चाकाच्या हिशेबाने बनलेली. रुंद चाक लावलं की ते बाहेर सरकतं, वळणावर त्याचा रेटा तरफेसारखा त्या जुन्या बेअरिंगवर येतो, पूर्ण वळवलं की टायर पत्र्याला घासतो. पकड वाढते हे खरं, पण ती सोसणारं खालचं हाड जुनंच असतं. शिवाय बोल्टच्या वर्तुळाची गोष्ट आहेच. फियाटच्या कितीतरी गाड्यांत हे वर्तुळ ९८ मिलिमीटरचं, आणि बाजारात १०० मिलिमीटरची अलॉय चाकं ढिगाने. दोन मिलिमीटर म्हणजे काय, बसतंय की, असं म्हणून दुकानदार ते आवळून देतो. बसतं, पण बोल्ट तिरके बसतात. कर्जाच्या अर्जात दोन रुपयांचा फरक राहिला तर मी फाइल परत पाठवत असे, हे अनिकेतला माहीत होतं. तो गप्प बसला.

दादाचा आग्रह उलटा. जसे होते तसेच हवेत, म्हणजे नायलॉन. ज्याला आपल्याकडे नायलॉन टायर म्हणतात त्यात आतल्या दोऱ्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेद देत विणलेले असतात, सुंभाच्या बाजेसारखे. रेडियल टायरमध्ये दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातात आणि त्यांच्यावर पोलादी तारांचा पट्टा बसवलेला असतो. बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव आठवा, तशी ही रबराच्या पोटातली धाव. मिशलँ या फ्रेंच कंपनीने १९४६ साली याचं पेटंट घेतलं आणि १९४९ पासून तो विकायला काढला. धाव असल्यामुळे रस्त्याला टेकणारा भाग सपाट राहतो, बाजू मऊ राहते, टायर कमी तापतो, ओल्या रस्त्यावर नीट थांबतो.

मग प्रश्नच काय? प्रश्न हा की जुनी रिम नायलॉनसाठी बनलेली. रेडियल रस्त्याला घट्ट धरतो म्हणून वळणावरचा ताण रिमच्या पत्र्यावर जास्त येतो आणि पन्नास वर्षांच्या रिमला बोल्टच्या भोकांपाशी केसासारखी चीर असेल तर ती वाढते. गाडी उभ्या उभ्या वळवायची तर स्टिअरिंग जड लागतं. आणि दादाच्या मते, गाडीची चाल बदलते. "नायलॉनवर ती वळणात आधी सांगते, मग घसरते. रेडियल सांगत नाही," तो म्हणाला. हे त्याचं म्हणणं चुकीचं नाही. नायलॉन हळूहळू सुटतो, रेडियल शेवटपर्यंत धरतो आणि मग एकदम सोडतो.

जी गाडी वर्षातून दोनदा गावातल्या गावात फिरते, प्रदर्शनाला जाते, तिला मूळ मापाचा नवा नायलॉन घ्यावा आणि समाधान मानावं, असं माझं मत. जिला हमरस्त्यावर ट्रकांच्या शेजारून जायचं आहे आणि मागच्या सीटवर नात बसणार आहे, तिला रेडियल. पण अरुंदच, आणि मूळच्या उंचीचा. हिशेब मी बिलाच्या पाठीवर मांडला. ५.२०-१४ ची एकूण उंची सुमारे ६१ सेंटिमीटर. १५५/८० आर १४ या मापात बाजूची उंची १५५ च्या ८० टक्के, म्हणजे १२४ मिलिमीटर. ती दोनदा धरायची आणि चौदा इंचाची रिम मिळवायची. येतात ६० सेंटिमीटर ४ मिलिमीटर. एक टक्क्याचा फरक. स्पीडोमीटरचा काटा फसत नाही, पत्र्याला घासत नाही, आणि लांबून पाहणाऱ्याला गाडी तीच दिसते. आत ट्यूब मात्र हवीच. ट्यूबलेसच्या रिमला आतून एक उंचवटा असतो, तो टायरचा काठ जागेवर अडवतो. जुन्या रिमला तो नसतो.

आणि एक गोष्ट, जिच्यात कसलीच सूट नाही. दोन रेडियल, दोन नायलॉन असं कोणी सुचवलं तर त्याला चहा पाजून निरोप द्यावा. एकाच आसावर तर कधीच नाही. नाइलाजाने चालवावंच लागलं तर रेडियल मागं आणि नायलॉन पुढं. उलट केलं तर वळणावर गाडीची शेपूट पुढे येऊ पाहते, आणि त्याची चव मी सुरूरच्या अलीकडे घेतलेली आहे.

ज्यांच्याकडे आमच्यापेक्षा खूप जुनी गाडी आहे त्यांचा वनवास मोठा. मापांची भाषाच निराळी. फोर्डच्या मॉडेल टी च्या टायरवर ३० x ३½ असं लिहिलेलं असतं आणि माणूस तीस इंची रिम शोधत बसतो. तिथे तीस ही टायरची बाहेरची उंची, रुंदी साडेतीन, रिम तेवीस इंची. लाकडी आऱ्यांची चाकं असतील तर दख्खनच्या उन्हाळ्यात आरे आटून तुंब्यात खुळखुळतात. बैलगाडीवाले चाक ओढ्यात टाकून फुगवत, पण मोटारीला तो उपाय नव्हे, तिथे नवे आरे करणारा सुतारच शोधावा. तारांच्या चाकांत ट्यूबखाली पट्टी हवी, नाहीतर तारेचं टोक ट्यूबला भोसकतं. आणि ऑस्टिन सेव्हनसारख्या चिमुकल्या गाडीचं एकोणीस इंची माप बुलेटच्या टायरशी जुळतं, म्हणून मोटरसायकलचा टायर बसवायचा मोह होतो. तो टाळावा. मोटरसायकल वळणात स्वतः कलते म्हणून तिचा टायर गोल पाठीचा असतो. मोटार कलत नाही, ती टायरला आडवा रेटते. अमेरिकेत चॅटनूगा इथली कोकर ही कंपनी जुन्या मापांचे टायर नव्याने बनवते. ते मागवायला जहाजाचं भाडं आणि जकात पडते. पण ज्याने क्रोमवर तेवढेच पैसे घातले त्याने कुरकुर करू नये.

आमच्या मापाचीही स्थिती फार बरी नाही. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी हजारोंनी धावत होत्या तोवर हे टायर विकले जाणारच, अशी दुकानदाराला खात्री होती. शेवटच्या नोंदलेल्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली. गिऱ्हाईकच गेलं. आम्हाला २०१९ मध्ये निवड करता आली, हे आमचं नशीब.

टायरच्या आधी आम्ही रिम केल्या. पाचही रिम खरवडून नागडा पत्रा पाहिला. रंगावर रंग चढलेले असताना चीर कधीच दिसत नाही. एकीला बोल्टच्या भोकापासून निघालेली चीर सापडलीच. ती मोडीत घातली आणि दुसरी मिळवायला दीड महिना लागला. नवा रंग देताना बोल्ट जिथे टेकतात तिथे जाड थर येऊ दिला नाही, कारण तो रंग दबतो आणि बोल्ट सैल पडतात. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे, हे मी अनिकेतला पाठ करायला लावलं.

पाच टायर घ्यायचे म्हटल्यावर दुकानदार म्हणाला, "चार घ्या साहेब, स्टेपनी जुनी चालते." या शब्दाची एक मजा आहे. वेल्समधल्या लनेथ्ली गावात स्टेपनी नावाचा रस्ता आहे. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ साली हवा भरलेलं, आरे नसलेलं एक जादा चाक विकायला काढलं. पंक्चर झालेल्या चाकाला ते शेजारून आवळायचं आणि घरी जायचं. त्या काळच्या गाड्यांना जादा चाकच नसे. विलायतेत तो शब्द विसरले, आपण अजून वापरतो. सुरूरच्या अलीकडे जिने आम्हाला फाट्यापर्यंत नेलं ती स्टेपनीही त्याच १९९६ च्या बिलातली होती. तीही फुटली असती तर काय, हा विचार मला कराडला पोचल्यावर रात्री आला. झोप लागली नाही.

दादाने रेडियलला होकार दिला तो माझ्या हिशेबामुळे नाही. एके दिवशी तो शेडमध्ये फाटका टायर घेऊन बसलेला दिसला. त्याने टायरची भेग बोटांनी उघडून पाहिली, मिटवली, पुन्हा उघडली. "नानांनी दहा वर्षं कुठला टायर ठेवला नव्हता," तो म्हणाला. आम्ही वही काढून पाहिली. खरंच. १९७६, १९८१, १९८७, १९९६. नऊ वर्षं हा सगळ्यांत लांब पल्ला. आम्ही त्यांचे टायर जपले आणि त्यांची सवय मोडली.

नवे टायर नोव्हेंबरात चढले. पाचहीवर ३८१९, म्हणजे २०१९ चा अडतिसावा आठवडा. ते आकडे दादाने स्वतः टॉर्च घेऊन, गुडघ्यावर बसून वाचले. बावीस वर्षांनी नानांच्या वहीचं पुढचं पान उघडलं आणि त्यांच्याच पद्धतीने तारीख, किलोमीटर, आकडे लिहिले. पुढे 'बदलणे – २०२९' असं लिहून तो थांबला. तेव्हा तो सत्त्याहत्तर वर्षांचा असेल, मी एकाहत्तरचा, चिमू सोळाची. त्याने 'चिमूला सांगणे' असं लिहिलं, वही मिटली, मग पुन्हा उघडून खाली एक शब्द वाढवला. 'स्टेपनीसुद्धा.'